लाइन गेल्यावरचा कॉम्प्युटर: प्रोसेसरच्या सी-स्टेट्स कशा ठेवाव्यात

सेतू केंद्रातला कॉम्प्युटर सकाळी दहाला सुरू होतो आणि संध्याकाळी सहा-सातला बंद होतो. यातला बहुतेक वेळ तो रिकामा असतो. सातबाऱ्याची प्रिंट निघाली, पुढचा माणूस पिशवीत आधार कार्ड शोधतोय, पोर्टलचं चक्र फिरतंय, या सगळ्या वेळात प्रोसेसरला काम नसतं. तुम्ही भराभर टाइप करता तेव्हाही दोन कळांच्या मधला काळ त्याच्या हिशेबाने भरपूर मोठा असतो. या रिकाम्या वेळात तो किती खोल झोपतो, त्यावर इन्व्हर्टर किती पुरेल आणि मे महिन्याच्या दुपारी डबा किती तापेल हे ठरतं. काही मशिनी नुसत्या बसल्या बसल्या गोठतात, त्याचंही मूळ कधी कधी इथेच असतं.

या झोपेच्या पायऱ्या म्हणजे सी-स्टेट्स. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. झोप चालू ठेवा, तीही पूर्ण खोल. मशीन जास्त वीज खात असेल तर तिला कोण जागं ठेवतंय ते शोधा. झोप कमी करायची ती बिघाड झोपेतूनच येतोय हे चाचणीत दिसल्यावर, आणि तेव्हाही एकेक पायरी. ‘स्पीड वाढवा’वाल्या व्हिडिओंमध्ये सी-स्टेट्स सरसकट बंद करायला सांगतात. त्याने ऑफिसचं मशीन बहुधा हळू होतं. का, ते पुढे येईलच.

(आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. मशीनवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.)

पायऱ्या कोणत्या

प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. सी० म्हणजे कोअर काम करतोय. सी१ मध्ये कोअरचं घड्याळ थांबतं, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. सी१ई मध्ये त्यासोबत व्होल्टेज आणि वेगही खाली येतो. सी३ मध्ये कोअर स्वतःची जवळची कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी, रिकामी करतो. सी६ मध्ये कोअरची सगळी स्थिती एका वेगळ्या छोट्या मेमरीत ठेवली जाते आणि कोअरची वीज जवळजवळ तोडली जाते. इंटेलने ही वीज तोडण्याची सोय २००८ च्या नेहेलेम पिढीपासून कोअरमध्ये दिली. सी७ मध्ये सगळे कोअर झोपल्यावर सामायिक कॅशेही रिकामी करता येते. सी८ ते सी१० मध्ये चिपचे उरलेले भागही एकेक करून बंद होतात. या शेवटच्या पायऱ्या मुख्यतः लॅपटॉपच्या चिपमध्ये आणि नव्या पिढ्यांमध्ये सापडतात.

इथे दोन हिशेब वेगवेगळे असतात, एक कोअरचा आणि एक पॅकेजचा, म्हणजे अख्ख्या चिपचा. चार कोअरपैकी तीन सी६ मध्ये आणि एक सी१ मध्ये असेल तर पॅकेज सी१ च्या पुढे जात नाही. चौघेही झोपले पण एखादं कार्ड किंवा डिस्क मेमरीत सतत ये-जा करत असेल, तरी पॅकेज वरच अडकतं. कोअरच्या झोपेचा आकडा ९५ टक्के दिसूनही मीटर खाली येत नाही, तेव्हा बहुतेकदा भानगड पॅकेजमध्ये असते.

आणखी दोन गोष्टींशी घोळ होतो. पी-स्टेट म्हणजे काम करताना कोअर किती वेगाने पळतो ते. एस३ म्हणजे अख्खं मशीन स्लीपमध्ये टाकणं. सी-स्टेट्स मशीन चालू असताना, सेकंदाला शेकडो वेळा, तुमच्या नकळत बदलत असतात. म्हणूनच विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्के केलं तरी झोप बंद होत नाही. त्याने फक्त जागेपणीचा वेग वर राहतो.

झोपेला किंमत असते ती जागं होण्याच्या वेळेची. इंटेलच्या सहाव्या पिढीसाठी, म्हणजे २०१५ च्या स्कायलेकसाठी, लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये धरलेले आकडे असे: सी१ मधून उठायला २ मायक्रोसेकंद, सी१ई मधून १०, सी३ मधून ७०, सी६ मधून ८५, सी८ मधून २०० आणि सी१० मधून ८९०. म्हणजे सगळ्यात खोल झोपेतून उठायलाही एक मिलिसेकंद लागत नाही. माणसाला हे जाणवणं शक्य नाही. पण दुसरा एक आकडा यापेक्षा महत्त्वाचा आहे: निदान किती वेळ झोपलं तर ती झोप परवडते. त्याच ड्रायव्हरमध्ये सी६ साठी तो २०० मायक्रोसेकंद आहे, सी८ साठी ८०० आणि सी१० साठी ५,०००, म्हणजे ५ मिलिसेकंद. कुठलाही प्रोग्राम दर मिलिसेकंदाला प्रोसेसरला उठवत असेल तर सी१० ची पाळी कधीच येत नाही.

आता वेगाचं. इंटेलच्या टर्बोमध्ये, म्हणजे गरजेला आपोआप वेग वाढवण्याच्या सोयीत, किती कोअर जागे आहेत त्यावर वरची मर्यादा ठरते. एकच कोअर जागा आणि बाकीचे सी३-सी६ मध्ये असतील तर त्या एकाला सगळ्यात जास्त वेग मिळतो. खोल झोप बंद केली की रिकामे कोअरही ‘जागे’ मोजले जातात, आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये एकट्या कोअरची मर्यादा १०० ते ४०० मेगाहर्ट्झने खाली येते. ब्राउझरमध्ये फॉर्म उघडणं, पीडीएफ बनवणं ही कामं बरीचशी एकाच कोअरवर चालतात. झोप बंद करून मशीन हळू होतं ते असं.

आधी मोजा

मोजल्याशिवाय एकही सेटिंग हलवू नका. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळालं तर उत्तम. नसेल तर घरचं किंवा दुकानाचं वीजमीटर चालतं. मीटरवर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. पंखे, दिवे, फ्रिज सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींचा वेळ मोजा. ११,२५० ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. २२५ सेकंद लागले तर ५० वॅट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर ३,६०,००,००० ला त्या आकड्याने भागा, मग सेकंदांनी. पहिल्या लुकलुकीला शून्य धरायचं, एक नाही.

यात एक फसगत ठरलेली आहे. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत असेल तर तीच शंभर-दीडशे वॅट किंवा त्याहून जास्त ओढते आणि मोजमाप फुकट जातं. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोजा, किंवा कॉम्प्युटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून सरळ बोर्डावर लावा आणि तेवढा वेळ इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद ठेवा.

मशीन सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबा. अपडेट आणि अँटिव्हायरसची सुरुवातीची धावपळ संपू द्या. मग दोन मोजमापं घ्या, एक सगळे प्रोग्राम बंद करून आणि एक रोजच्या कामाच्या खिडक्या उघड्या ठेवून. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला चौथ्या ते सहाव्या पिढीचा ऑफिसचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप, मॉनिटर सोडून, रिकामा असताना २० ते ३५ वॅटच्या आसपास असावा. ५० च्या वर असेल तर कुणीतरी त्याला झोपू देत नाहीये.

झोप किती मिळते ते बघायला एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम पुरतो. त्याच्या सेन्सरच्या पानावर प्रत्येक कोअरची आणि पॅकेजची ‘सी६ रेसिडेन्सी’, म्हणजे त्या पायरीत गेलेला वेळ, टक्क्यांत दिसते. काही टाकायचं नसेल तर विंडोजच्याच परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ‘प्रोसेसर’ गटात सी१, सी२ आणि सी३ वेळेचे टक्के आहेत. मात्र ही नावं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, विंडोजला सांगतो ती असतात. तिथला सी३ म्हणजे प्रत्यक्ष चिपचा सी६ किंवा सी७ असू शकतो. दोन प्रोग्रामांचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. रिकाम्या मशीनवर खोल पायऱ्यांची बेरीज ८५-९० टक्क्यांच्या वर हवी.

इन्व्हर्टरचा हिशेब

१५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. तिचा निम्माच भाग धरावा, कारण लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली की तिचं आयुष्य जातं. त्यातून इन्व्हर्टरची घट गेली की हातात साधारण ७५० राहतात. कॉम्प्युटर ३०, मॉनिटर १८, राउटर ८ वॅट असा ५६ चा लोड धरला तर तेरा तास निघतात. सी-स्टेट्स बंद असल्यामुळे कॉम्प्युटर १५ वॅट जास्त खात असेल तर साडेदहा. जवळजवळ तीन तासांचा फरक.

पण त्याच लाइनवर जुना ७० वॅटचा पंखा असेल तर हा हिशेब सहा तास आणि सव्वापाच तास एवढ्यावर येतो. पंखा बदलून ३० वॅटचा बीएलडीसी लावला तर बायोसच्या सगळ्या उठाठेवीपेक्षा जास्त फायदा होईल. आणि कूलर इन्व्हर्टरवर चालत असेल तर हे सगळं वाचायची गरजच नाही. बिलात तर काही दिसणारही नाही: १५ वॅट, रोज दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे चार युनिटसुद्धा होत नाहीत. सी-स्टेट्सचा खरा फायदा बॅकअपमध्ये आणि उष्णतेत आहे.

उष्णतेचं असं की चिप जितकी तापते तितकी तिच्यातून विजेची गळती वाढते, काम नसतानाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत संध्याकाळपर्यंत काही उतरत नाही. सी६ मध्ये कोअरची वीजच तुटल्यामुळे ती गळती थांबते. म्हणून थंड गावापेक्षा इथे खोल झोपेचा उपयोग जास्त. रिकाम्या मशीनचं कोअर तापमान खोलीपेक्षा ८ ते १५ अंश वर असेल तर ठीक. झोपेचे टक्के चांगले असूनही ते ३० अंश वर असेल तर सेटिंगकडे बघू नका, डबा उघडा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानात हीटसिंकच्या पात्यांवर रुईचा चक्क थर बसतो. पंखा बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. कूलरचा झोत सरळ डब्यावर येत असेल तर डबा हलवा. ओलावा आणि धूळ मिळून जो चिकट थर होतो तो ब्लोअरने निघत नाही.

झोपमोड कोण करतं

अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /एनर्जी’ ही आज्ञा द्या (पॉवर, आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही तीन अक्षरं). विंडोज ६० सेकंद निरीक्षण करतं आणि ब्राउझरमध्ये उघडणारा अहवाल बनवतं. त्या मिनिटात माउसला हात लावू नका. अहवालात लाल आणि पिवळ्या खूप गोष्टी येतात, सगळ्या वाचायची गरज नाही. तीन बघा: टायमर रिझोल्यूशन, प्रोसेसर वापर आणि सस्पेंड न होणारी यूएसबी उपकरणं.

विंडोजचा मूळ टायमर १५.६ मिलिसेकंदांचा असतो. एखादा प्रोग्राम तो १ मिलिसेकंद मागून घेतो, आणि मग प्रोसेसर सारखा उठत राहतो. अहवालात त्या प्रोग्रामचं नाव आणि पत्ता दिसतो. व्हिडिओ चालू असलेला ब्राउझर असेल तर ते समजण्यासारखं आहे. प्रिंटरची इंक दाखवणारा प्रोग्राम किंवा कधीकाळी टाकलेलं चॅटचं सॉफ्टवेअर असेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानातून ते बंद करा.

सेतू केंद्रावर थंब मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे बोटाचा ठसा घेणाऱ्या त्या यंत्राचा प्रोग्राम, मागे कायम चालू असते. ती बंद करता येत नाही, करूही नका. पण तीन वेगवेगळ्या कंपन्यांची थंब मशीन वापरून झालेल्या कॉम्प्युटरवर तिन्हींच्या सर्व्हिस चालू राहतात. सध्या जोडलेल्या मशीनची ठेवा, बाकीच्या अनइन्स्टॉल करा. मग ब्राउझर. जाहिराती हलत असलेले पंधरा टॅब हे ऑफिसच्या मशीनवर झोपमोडीचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते घालवायला कुठलंही ज्ञान लागत नाही.

काम नसताना प्रोसेसर ३०-४० टक्के दिसतो आणि टास्क मॅनेजर उघडला की लगेच खाली येतो, असं असेल तर फुकट मिळवलेल्या सॉफ्टवेअरसोबत कॉइन मायनिंग आलं असल्याचा संशय धरा आणि विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा.

याच्या उलट एक लक्षण आहे. टास्क मॅनेजर १०० टक्के दाखवतो, पण यादीतला कुठलाच प्रोग्राम काही खात नाही, पंखा मात्र घोंघावतो. हे ‘प्रोसेसर आयडल डिसेबल’ नावाच्या लपवलेल्या सेटिंगचं काम असू शकतं. कुणीतरी गेमसाठी ती चालू केलेली असते. ‘पॉवरसीएफजी -रिस्टोरडिफॉल्टस्कीम्स’ दिलं की सगळे पॉवर प्लॅन मूळ जागी येतात. तुमचे स्वतः केलेले प्लॅन यात पुसले जातात, एवढं लक्षात ठेवा.

पॅकेज वर अडकत असेल तर पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड भागात ‘पीसीआय एक्सप्रेस’खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बघा. ते ‘ऑफ’ असेल तर ‘मॉडरेट’ करा आणि दोन दिवस बघा. जुन्या वायफाय कार्डांना कधी हे झेपत नाही, नेट तुटायला लागतं. तसं झालं तर परत ‘ऑफ’.

बायोसमध्ये

सुरू होताना डिलीट, एफ२ किंवा एफ१० दाबून बायोसमध्ये जा. आधी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. ऑफिसच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ‘परफॉर्मन्स’च्या पानावर सी-स्टेट्सची एकच खूण असते, ती चालू हवी. सुट्या मदरबोर्डवर ‘सीपीयू सी-स्टेट्स’, ‘एन्हान्स्ड हॉल्ट’ म्हणजे सी१ई, आणि ‘पॅकेज सी-स्टेट लिमिट’ असे वेगळे पर्याय असतात. ‘ऑटो’ म्हणजे चालूच, असं धरून चालू नका. काही बोर्डांवर ऑटोमध्ये खोल पायऱ्या बंद राहतात. आधी आणि नंतर वॅट मोजणं हाच पुरावा. एएमडीच्या बोर्डावर ‘ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल’ असतं.

एका वेळी एकच सेटिंग बदला.

वारंवार लाइन जाते तिथे आणखी एक अडचण येते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर मदरबोर्डची वीज गेली की बायोस मूळ स्थितीत जातो आणि तुमचं सेटिंग उडतं. सुरू होताना तारीख चुकीची दिसणं ही त्याची खूण. चुकलेल्या तारखेमुळे सरकारी पोर्टलही सर्टिफिकेटची तक्रार करत उघडत नाही. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो. २.७ च्या खाली असेल तर बदला, मग बायोसला हात लावा.

बसल्या बसल्या गोठणारं मशीन

सी-स्टेट्सचा म्हणून जो खरा बिघाड असतो, तो हा. काम चालू असताना मशीन ठणठणीत, आणि जेवून आल्यावर बघावं तर स्क्रीन गोठलेली, माउस हलत नाही, बटण दाबून बंद करावं लागतं. काम जोरात असताना गोठत असेल तर उष्णता, रॅम किंवा कमी ताकदीची एसएमपीएस (डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग) बघा. रब्बीत ओलिताचे पंप सुरू होतानाच रिस्टार्ट होत असेल तर तो व्होल्टेजचा खड्डा आहे, त्याला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लागतो. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद तिन्ही प्रकारांत येते. मशीन नीट बंद झालं नव्हतं, यापलीकडे ती काही सांगत नाही.

रिकामं असताना गोठण्याचं नेहमीचं कारण एसएमपीएस असतं. २०१३ मध्ये इंटेलची चौथी पिढी, हॅसवेल, आली तेव्हा तिच्या सगळ्यात खोल झोपेत प्रोसेसरच्या १२ व्होल्ट लाइनवरचा करंट ०.०५ अँपिअरपर्यंत उतरू लागला. त्याआधीच्या एसएमपीएस निदान ०.५ अँपिअर धरून बनवलेल्या होत्या. एकदम लोड नाहीसा झाला की स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्ट वर चढतात, ५ व्होल्ट खाली येतात, आणि मग मशीन गोठतं किंवा संरक्षण लागून बंद पडतं. वर ४५० वॅट छापलेली पण हातात घेतल्यावर हलकी लागणारी एसएमपीएस आणि चौथ्या पिढीनंतरचा प्रोसेसर ही जोडी दिसली की पहिला संशय तिथेच. २०१७ च्या पहिल्या रायझनमध्येही असंच गोठणं दिसलं आणि बोर्ड कंपन्यांनी बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय दिला. तो ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवला की बहुतेक मशिनी सुधारतात.

चाचणी अशी करा. पहिल्या दिवशी कुठलंही सेटिंग न बदलता एक छोटा व्हिडिओ लूपमध्ये दिवसभर चालू ठेवा. मशीन गोठलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बंद ठेवल्यावर गोठलं, तर झोपेवरचा संशय पक्का. मग पॅकेज लिमिट सी३ वर आणा. ठीक चालत असेल तर सी६ करून बघा. जिथे पुन्हा गोठेल त्याच्या आधीच्या पायरीवर थांबा. हा तात्पुरता इलाज झाला. ओळखीच्या दुकानातून चांगली एसएमपीएस दोन दिवसांसाठी आणून लावा. तिच्यावर पूर्ण खोल झोप चालली तर जुनी बदला आणि लिमिट काढून टाका.

या चाचणीला धीर लागतो. सात दिवसांतून एकदाच गोठणाऱ्या मशीनवर दोन दिवसांत निकाल लावू नका.

झोप कमी करावी असं काम

फार थोडं. थेट आवाजाचं काम त्यात येतं. झाडीपट्टीच्या नाटकात लॅपटॉपवरून इफेक्ट सोडणारे किंवा कीर्तन थेट प्रक्षेपित करणारे यांना मधेच कट्ट, कट्ट असा आवाज येतो. बफर म्हणजे आवाजाचा आधी भरून ठेवलेला साठा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे फक्त २.७ मिलिसेकंद. त्यात सी१० मधून उठायला जवळजवळ एक मिलिसेकंद गेलं, वर वायफायच्या ड्रायव्हरने अर्धं खाल्लं, की तुटतं. पहिला उपाय बफर ५१२ करणं. तेव्हा १०.७ मिलिसेकंद मिळतात आणि नुसतं वाजवण्याच्या कामात उशीर कळत नाही. मग लेटन्सीमॉन चालवून कुठला ड्रायव्हर वेळ खातो ते बघा, बहुतेकदा वायफाय किंवा ग्राफिक्स निघतं. एवढ्यानेही भागलं नाही तरच कार्यक्रमापुरती पायरी कमी करा. इंटेलच्या लॅपटॉपवर थ्रॉटलस्टॉपमधून ते बायोसमध्ये न जाता करता येतं.

हिंगणघाट-वणीकडे जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर वजन चुकवतो, मधले आकडे गाळतो, म्हणून सी-स्टेट्स बंद करायचा सल्ला दिला जातो. गणित करून बघा. काट्याची सिरीयल लाइन ९६०० वेगाची असेल तर एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. पोर्टमध्ये १६ अक्षरं साठतात, म्हणजे १६ मिलिसेकंदांची सवड आहे. प्रोसेसर सी१० मध्ये असला तरी एका मिलिसेकंदात उठतो. आकडे गळण्याचं कारण झोप असू शकत नाही. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरला विंडोज सस्पेंड करतं, ते बघा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्याची खूण काढा, आणि पॉवर प्लॅनमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. थंब मशीन मधूनच ‘नॉट कनेक्टेड’ दाखवत असेल तर त्यालाही हाच इलाज. काट्याची अर्थिंग आणि केबलही तपासा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

लिनक्सवर

शाळेच्या लॅबमध्ये जुन्या मशिनींवर लिनक्स असेल तर हे सगळं सोपं आहे. ‘सीपीयूपॉवर आयडल-इन्फो’ दिलं की मशीनला कुठल्या पायऱ्या ठाऊक आहेत, प्रत्येकीची उठण्याची वेळ किती आणि आतापर्यंत किती वेळ तिच्यात गेला, हे दिसतं. ‘पॉवरटॉप’ सेकंदाला कोण किती वेळा उठवतं ते नावानिशी सांगतो. ‘टर्बोस्टॅट’ पॅकेजचे टक्के आणि चिपचे वॅट दाखवतो. पॉवरटॉपचं ‘ऑटो-ट्यून’ सगळं एकदम चालू करतं, त्यात यूएसबी माउस-कीबोर्डही झोपायला लागतात आणि पहिली कळ गिळली जाते. म्हणून हवं तेवढंच त्याच्या यादीतून निवडा.

एखादी पायरी तपासण्यापुरती बंद करायला ‘सीपीयूपॉवर आयडल-सेट -डी’ आणि पुढे पायरीचा क्रमांक. इथलं ‘डी’ लहान लिपीतलं. मोठ्या लिपीतला ‘डी’ आणि पुढे मायक्रोसेकंद दिले तर उठायला तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ घेणाऱ्या सगळ्या पायऱ्या बंद होतात. रिस्टार्ट केलं की दोन्ही जातं, त्यामुळे प्रयोगाला हीच जागा बरी. कायमचं करायचं तर बूटच्या ओळीत ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’. बे ट्रेल पिढीचे स्वस्त सेलेरॉन, जसे जे१९०० आणि एन२८४०, लिनक्सवर वारंवार गोठत. तिथे ही ओळ खरोखर उपयोगी पडली. बाकी मशिनींवर ती इंटरनेटवरून उचलून टाकू नका. ‘आयडल=पोल’ तर अजिबात नको. त्यात कोअर सी० मध्येच फिरत राहतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा दिवसभर ओरडतो.

लॅपटॉप पिशवीत तापतो तेव्हा

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये जुनी एस३ झोप नसते. झाकण लावल्यावरही मशीन चालूच असतं आणि सी१० च्या भरवशावर वीज वाचवतं. एखादा ड्रायव्हर त्याला तिथे जाऊ देत नसेल तर नागपूरहून एसटीने गडचिरोलीला पोचेपर्यंत पिशवी गरम आणि बॅटरी रिकामी. ‘पॉवरसीएफजी /ए’ दिल्यावर ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर तुमचं मशीन या प्रकारातलं. ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’ झाकण बंद असतानाच्या प्रत्येक वेळेत किती टक्के खोल झोप मिळाली आणि कुणी अडवली ते सांगतं. दोषी ड्रायव्हर बहुधा वायफायचा किंवा ब्लूटूथचा असतो, तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून अपडेट करा. तोवर ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’ देऊन, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर ‘हायबरनेट’ निवडा. उघडायला दहा-वीस सेकंद जास्त लागतील, पण दिवे विझतील आणि पंखा थांबेल. पिशवीत टाकण्याआधी तेवढं बघून घ्या.